पदवीचा हिशेब आणि परवान्याचा

ब्रिटनमध्ये ‘इंटरनॅशनल बिझनेस’ची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि तेथेच एखाद्या नामवंत व्यवस्थापन सल्लागार कंपनीत रुजू व्हायचे, ही आकांक्षा आता मध्यमवर्गीय मराठी घरांतही मूळ धरू लागली आहे. त्या आकांक्षेत गैर काहीच नाही. मात्र ती ज्या गणितावर उभी आहे ते मांडून दाखवण्याचे कष्ट प्रवेश मिळवून देणारे दलाल क्वचितच घेतात.

अभ्यासक्रम एका वर्षाचा, बहुधा सप्टेंबरात सुरू होणारा. मोठ्या सल्लागार कंपन्यांची पुढील वर्षाची भरतीही त्याच सुमारास सुरू होते आणि अर्जांची मुदत पुष्कळदा नाताळापूर्वीच संपते. म्हणजे नव्या देशात धड बस्तान बसण्यापूर्वीच विद्यार्थ्याची अर्ज, चाचण्या आणि ‘केस इंटरव्ह्यू’ यांची तयारी झालेली असावी लागते. एखाद्या उद्योगाचा नफा का घटला, याचा अर्ध्यापाऊण तासात तोंडी उलगडा करून दाखवायचा असतो. घोकंपट्टीवर पोसलेल्या बुद्धीला ते सहजी साधत नाही. पदवी हाती आल्यावर नोकरी शोधू म्हणणाऱ्याची गाडी केव्हाच सुटलेली असते.

त्याहून कठीण प्रश्न राजसत्तेचा. शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची मुभा ब्रिटनने २०१२ मध्ये काढून घेतली, २०२१ मध्ये परत दिली आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी ती दीड वर्षावर आणण्याचे ठरवले. पुढे राहायचे तर परवानाधारक मालकाचे पुरस्कृतपत्र हवे. त्यासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा २०२४ च्या आरंभी २६,२०० पौंड होती; जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० पौंड झाली. नवपदवीधरांना सवलत आहे, पण तीही काही वर्षांपुरतीच. त्यामुळे ‘व्हिसा लागेल काय?’ हा प्रश्न अर्जातच विचारला जातो आणि उत्तर ‘होय’ असेल, तर अनेक मालकांची दारे गुणवत्ता तपासण्याआधीच बंद होतात.

याबद्दल ब्रिटनला दूषणे देण्यात अर्थ नाही. स्वतःच्या तरुणांच्या रोजगाराची चिंता वाहणे हे कोणत्याही राष्ट्राचे कर्तव्यच होय. आक्षेप आहे तो पदवीच्या वेष्टनात परवान्याची आशा विकणाऱ्यांवर.

आपल्याकडे साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागते. पुष्कळदा ते राहते घरच असते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. तेव्हा पुण्या-मुंबईच्या वेतनातून तो हप्ता फिटेल काय, हे पालकांनी सही करण्यापूर्वी पाहावे. आणि दलालाने आजवर पाठवलेल्यांपैकी कितीजणांना पुरस्कृत नोकरी लागली, हेही त्याला विचारावे. नावे नकोत, आकडा पुरे.