पहिल्या कार्यक्रमाचा रोजमेळ

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ या तारखांना नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. नवी मुंबईतील कितीतरी घरांत तेव्हा तिकिटांवाचून दुसरा विषय नव्हता. नेरुळहून पनवेलच्या दिशेने दुसरे स्थानक सीबीडी बेलापूर. सिडको भवन, रिझर्व्ह बँकेची कचेरी, कोकण रेल्वेचे मुख्यालय अशी या भागाची ओळख. शनिवारी संध्याकाळी कचेऱ्यांचे दिवे मालवलेले असतात आणि रस्ते मोकळे पडतात. अशाच एखाद्या शनिवारी येथील एखाद्या कॅफेत चार टेबले भिंतीकडे सरकवली जातात आणि चार तरुण रिक्षातून आपले सामान उतरवू लागतात. श्रोते पंचवीस, त्यांत दहा मित्र आणि चार नातलग. उरलेले अकरा मात्र कोणाच्याही ओळखीचे नसतात, आणि ती संध्याकाळ खऱ्या अर्थाने त्यांच्यासाठीच असते.

अशा बँडला तरुण मंडळी ‘इंडी’ म्हणतात. अर्थ साधा आहे : गाणे स्वतःचे, चाल स्वतःची आणि पाठीशी कोणतीही ध्वनिमुद्रण कंपनी नाही. कंपनी नाही म्हणजे भांडवलही घरचेच. सरावाची खोली तासाच्या भाड्याने, ध्वनियंत्रणा दिवसाच्या भाड्याने, आणि ड्रम न्यायचे तर टेम्पो वेगळा. कॅफेचा मालक प्रवेशमूल्यातील वाटा देतो किंवा नुसते जेवण घालतो. वाशीच्या बाजार समितीत पेढी असलेल्या वडिलांनी हा हिशेब पाहिला, तर पहिल्या ओळीलाच ते चष्मा काढून ठेवतील. पण पेढीचे पहिले वर्ष त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी पाहिलेले असतेच. गल्ला रिकामा असतानाही दुकान वेळेवर उघडावे लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

कार्यक्रम आठ वाजता असला तरी काम पाच वाजता सुरू होते. प्रत्येक वाद्याचा आवाज स्वतंत्र ऐकून जुळवावा लागतो. लहान खोलीत ड्रमचा आवाज मुळातच इतका मोठा असतो की त्यावर मात करण्यासाठी गिटारवाला आपला आवाज वाढवतो, त्याच्यावर दुसरा वाढवतो, आणि शेवटी गाणाऱ्याचे शब्द कोणालाच कळत नाहीत. मायक्रोफोन स्पीकरच्या समोर आला की कर्कश शिट्टी वाजते. तो स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवायचा असतो. या गोष्टी सरावाच्या खोलीत शिकता येत नाहीत. तिथे चौघे एकमेकांकडे तोंड करून वाजवतात. इथे तोंड लोकांकडे असते आणि ताल चुकला तर आधारासाठी शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दुसऱ्या गाण्यात तार तुटते, आणि नवी चढेपर्यंत गायकाला लोकांशी काहीतरी बोलावे लागते. चांगला बँड आणि हौशी बँड यांतील फरक बहुधा त्या दोन मिनिटांत उघड होतो.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियमही ठाऊक असावे लागतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. म्हणून पुष्कळ नवे बँड ड्रमऐवजी बसून वाजवायची लाकडी पेटी, काहोन, आणतात आणि गाण्यांची मांडणीच बदलतात. बेलापूरमध्येच चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेले ‘आर्टिस्ट व्हिलेज’ आहे. सात-सात घरे एका अंगणाभोवती, अशी तिची मूळ रचना. मंद आवाजातील घरगुती बैठकीला अशा अंगणाहून बरी जागा शोधून सापडणार नाही.

मात्र बहुतेक घरांत खरी अडचण आवाजाची नसते, जागेची असते. लहान बँडना व्यासपीठ देणारी अनेक ठिकाणे मद्यालये असतात. बँडचे मानधनही तिथल्या विक्रीतूनच निघते. हे आजचे नाही. १९७० आणि १९७१ साली भारतीय बँडच्या गाण्यांच्या तबकड्या ज्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून निघाल्या, ती एका सिगारेटच्या नावाने भरत असे. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘एनएच ७ वीकेंडर’ हा मोठा महोत्सव पुढे अनेक वर्षे एका मद्याच्या नावाने ओळखला गेला. मुलाने तिथे वाजवू नये असे आईला वाटले, तर त्याला मागासलेपणा म्हणण्याचे कारण नाही. परंतु ‘तिथे नको’ म्हणताना ‘मग कुठे’ याचे उत्तरही घरातूनच यायला हवे. सोसायटीचे सभागृह, महाविद्यालयाचा महोत्सव, दिवसा चालणारा कॅफे अशी उत्तरे आहेत. मुलाला ती एकट्याने शोधायला लावली की तो सोप्या दाराने जातो.

मराठी घरात हा प्रश्न पूर्वीही आला आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा मुलगा नंदू भेंडे १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील ‘वेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमधून इंग्रजी रॉक गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडासची भूमिका केली, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच आवाज मराठी रंगभूमीवर आला. रॉकची ही वाट अशी फिरून मराठीतच आली.

आता व्यापारी घराने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. चौघांचा बँड ही भागीदारीच असते, फक्त भागीदारीपत्र कोणी केलेले नसते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करार नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो. चार दोस्तांना प्रारंभी हे न्याय्यच वाटते. पण शब्द एकाने लिहिलेले असतात, चाल दोघांनी बांधलेली असते आणि चौथा गेल्याच महिन्यात आलेला असतो. बँडचे नाव कोणाचे? एकजण नोकरीसाठी बंगळूरला गेला तर त्याने बांधलेले गाणे इतरांनी वाजवावे का? गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क कायद्याने वेगवेगळे असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या मानधनातील आपला वाटा कवी आणि संगीतकार कोणा कंपनीला लिहूनही देऊ शकत नाहीत. तो वसूल करण्यासाठी १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे. पण गाण्यात कोणाचा किती भाग, हे आधी कागदावर असेल तरच त्याचा उपयोग. पहिल्या कार्यक्रमाच्या धांदलीत हा कागद कोणी करत नाही, आणि भांडणे नेमकी पहिले पैसे आले की सुरू होतात.

चौविहाराच्या घरात संध्याकाळचे जेवण लवकर आटोपते, त्यामुळे आठचा कार्यक्रम वडिलांना गैरसोयीचाही नसतो. ते मागच्या खुर्चीवर बसतात. गाणे सगळे कळतेच असे नाही. पण ओळख नसलेल्या अकरापैकी किती जण शेवटपर्यंत बसले, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गिऱ्हाईक मोजण्याची सवय जुनी असते. पावणेदहाला टेबले जागेवर जातात आणि वायरी गुंडाळल्या जातात. रिक्षाची वाट पाहताना ते मुलाला विचारतात, ‘नऊ जण थांबले. ते दुसरे गाणे कोणी बांधले?’

मुलगा म्हणतो, ‘आम्ही सगळ्यांनी, पप्पा.’

‘सगळ्यांनी म्हणजे कोणी?’ असे म्हणून ते खिशातले पेन काढतात.