दोष कार्डाचा नव्हे



लिनक्सवर चित्रपट अडखळत असेल तर महागडं ग्राफिक्स कार्ड घ्या, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला उगाच खिसा हलका करणारा आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा, पडदा बहुधा 60 हर्ट्झचा. भाग पूर्ण जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दिसते आणि कॅमेरा संथ सरकताना चित्र हिसके देतं. कार्ड कितीही दांडगं असो, हिशेब तोच! पडद्याला 48, 72 किंवा 120 हर्ट्झ जमत असेल तर तो सुटतो.

उरली आवाजाच्या आणि पडद्याच्या घड्याळांतली तफावत. एमपीव्ही प्लेअरमध्ये ‘डिस्प्ले-रीसॅम्पल’ निवडलं, की चित्र पडद्याच्या गतीला बांधलं जातं; आवाजच किंचित, कानाला न कळेल इतका, ताणला जातो. चित्र आडवं फाटणं हा मात्र वेगळा आजार. तो लिनक्सच्या जुन्या एक्स 11 या पडदा-प्रणालीवर नेहमीचा, नव्या वेलँडवर सहसा नाही.

– एक वाचक