इन्शुलिन कुणाच्या बॅगेत?

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आया आता पुष्कळ घरांत आहेत. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा यांची यादी महिनाभर आधी तयार होते. या आयांपैकी कित्येकजणी रोज इन्शुलिन टोचून घेतात. त्याची यादी मात्र कुणी करत नाही. निघायच्या दिवशी ती विचारते, "अहो, माझं औषध घेतलंत ना?" उत्तर येतं, "टाकलंय मोठ्या बॅगेत."

इन्शुलिन ही मोठ्या बॅगेत टाकायची वस्तू नव्हे. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं. बॅग हरवली तर सारंच गेलं. ते सुया-सिरिंजसह, मूळ खोक्यात, आपल्या हातातल्या पिशवीतच हवं. सोबत प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं. त्यात औषधाचं मूळ नाव, डोस आणि सुया कशासाठी लागतात हे लिहिलेलं असावं. अमेरिकेच्या विमानतळांवर इन्शुलिन आणि सिरिंज नेता येतात. द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादाही गरजेच्या औषधाला लागू नाही. तपासणीच्या वेळी आपणहून सांगायचं, एवढंच.

पण सांगणार कशी? औषधाचं नाव तिला ठाऊक नसतं, कागद नवऱ्याच्या फायलीत असतात. हा तिचा अडाणीपणा नव्हे. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ असतात. तिच्या स्वतःच्या आजाराबद्दल मात्र डॉक्टर बोलतात ते शेजारी बसलेल्या नवऱ्याशी किंवा मुलाशी.

ही माहिती नसणं जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि सिरिंजही त्याच मापाची. अमेरिकेत कुपी १०० युनिटची मिळते. तिथली कुपी घेऊन इथली सिरिंज १० च्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात २५ युनिट जातात. साखर एकदम उतरून बाई बेशुद्ध पडू शकते. शिवाय मुंबई आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे. जाताना दिवस लांबतो, तेव्हा डोस कधी आणि किती घ्यायचा हे डॉक्टरांना तिने स्वतः विचारून ठेवायला हवं.

आता खर्चाचं. मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. पण परदेशी पाहुण्याने सोबत ९० दिवसांहून जास्त औषध आणू नये, असं तिथलं अन्न व औषध प्रशासन सांगतं. उरलेल्या तीन महिन्यांचं काय? अनेक प्रवासी विम्यांत आधीपासूनचा आजार धरलेला नसतो. मग "मुलांना खर्चात कशाला पाडायचं" म्हणून आई डोस कमी करते, बाळाच्या गडबडीत तो चुकवते, जावयाला कळू नये म्हणून न्हाणीघरात लपून टोचून घेते.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. रात्रीची जागरणं, स्वयंपाक, बाळाची आंघोळ, बाळंतिणीचं शेकणं हे सगळं ती विनामोबदला करते. तिच्या कष्टांवर ते घर सहा महिने उभं राहतं. तेव्हा तिचं इन्शुलिन आणि तिथल्या डॉक्टरची फी हा त्या घराचा खर्च आहे, आईवर केलेले उपकार नव्हेत. तिकीट काढण्याआधीच मुलांनी हे ठरवावं, आणि ठरवताना तिला समोर बसवावं.

मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. मधुमेह असलेल्या प्रत्येकीने आपल्या औषधाचं नाव, ताकद आणि डोस एका कागदावर लिहावा. जिला लिहिता येत नाही तिला दुसरीने लिहून द्यावं आणि तिच्याकडून म्हणवून घ्यावं. परदेशी जायचं असो वा शेजारच्या गावी, तो कागद आणि ते औषध तिच्याच पिशवीत राहू द्या.