विश्लेषण : गॅस बदलला, नळी मात्र जुनीच! गॅस कटिंगमधील धोका नेमका कुठे?

फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा भंगाराच्या गोदामात आग लागली की बातमीत ‘सिलिंडरचा स्फोट’ हे शब्द हमखास येतात. सिलिंडरसाठी परवाने आहेत, ठरावीक मुदतीने चाचण्या आहेत, वाहतुकीचे नियम आहेत. सिलिंडरपासून टॉर्चपर्यंत गॅस नेणाऱ्या रबरी नळीकडे मात्र ती फाटेपर्यंत कोणी पाहत नाही. लोखंड कापण्यासाठी असिटिलिनऐवजी एलपीजी वापरण्याची पद्धत रुळल्यापासून हे दुर्लक्ष अधिक धोक्याचे झाले आहे. कारण इंधन बदलताना नळीही बदलावी लागते, हे अनेकांच्या गावीही नसते.

असिटिलिनची जागा एलपीजीने का घेतली?

ऑक्सिजन-असिटिलिनच्या ज्योतीचे तापमान सुमारे ३,१०० अंश सेल्सिअस असते, तर ऑक्सिजन-एलपीजीचे सुमारे २,८०० अंश. पोलाद जोडण्यासाठी, म्हणजे गॅस वेल्डिंगसाठी, असिटिलिनला पर्याय नाही. कापण्याचे तंत्र वेगळे आहे. ज्योत फक्त लोखंड लालबुंद करते, पुढे ऑक्सिजनचा झोत त्या लोखंडालाच जाळत जातो. त्यामुळे कटिंगला एलपीजी पुरतो. तो स्वस्त आहे आणि सहज मिळतो. म्हणूनच गुजरातमधील अलंगच्या जहाजतोडणी केंद्रापासून गल्लीतल्या ग्रिल बनवणाऱ्या दुकानापर्यंत तो वापरला जातो. काही ठिकाणी तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडरच कटरला जोडलेला दिसतो. व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

लाल नळीतून एलपीजी नेल्यास काय बिघडते?

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३८२१ नुसार ऑक्सिजनसाठी निळी, असिटिलिनसाठी लाल आणि एलपीजीसाठी नारिंगी नळी असते. हा फरक केवळ ओळखीसाठी नाही. एलपीजीतील प्रोपेन आणि ब्यूटेन हे घटक साध्या रबरात मुरतात. रबर आधी फुगते, त्यातील मऊपणा टिकवणारी द्रव्ये निघून जातात आणि कालांतराने ते कडक होऊन तडकते. एलपीजीच्या नळीला आतून या वायूला दाद न देणाऱ्या रबराचे अस्तर असते. असिटिलिनच्या नळीला तसे अस्तर असेलच, याची खात्री नसते.

खरी अडचण म्हणजे ही झीज आतून सुरू होते. वरचे आवरण धडधाकट दिसत असताना आतले अस्तर सुटलेले असू शकते. त्याचे तुकडे टॉर्चमध्ये अडकले की ज्योत फडफडू लागते आणि दोष नोझलला दिला जातो. गळती झालीच, तर एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात किंवा गटारात साचतो. दूरवर उडालेली ठिणगीही त्याला पुरते.

स्वयंपाकघरातील नारिंगी नळी चालेल का?

नाही. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलिबार इतक्या कमी दाबाने बाहेर पडतो आणि ती नळी त्याच बेताने बनवलेली असते. कटिंगसाठी उच्च दाबाचा रेग्युलेटर लागतो व त्यातून येणाऱ्या गॅसचा दाब कित्येक पट जास्त असतो. वेल्डिंगची सर्वसाधारण नळी २० बारपर्यंतच्या दाबासाठी असते. शिवाय ठिणग्या आणि तापलेला पत्रा यांच्याशी शेगडीच्या नळीचा कधी संबंध येत नाही. रंग सारखा म्हणून काम सारखे, असे नव्हे.

‘फ्लॅशबॅक’ म्हणजे काय?

नोझल तुंबले किंवा एका वायूचा दाब कमी पडला, तर जास्त दाबाचा ऑक्सिजन टॉर्चमधून उलटा इंधनाच्या नळीत शिरतो. नळीतच स्फोटक मिश्रण तयार होते. मग टॉर्च पेटवताच ज्योत बाहेर राहण्याऐवजी नळीतून मागे धावते. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. तो रोखण्यासाठी दोन उपकरणे लागतात. टॉर्चजवळील एकेरी झडप वायूला उलटे येऊ देत नाही आणि रेग्युलेटरजवळील फ्लॅशबॅक अरेस्टर ज्योत विझवून सिलिंडरला वाचवतो. फक्त अरेस्टर बसवला, तर सिलिंडर वाचेल. पण नळी कामगाराच्या हाताजवळ फुटू शकते. एकदा फ्लॅशबॅक झालेली नळी आतून जळलेली असू शकते. त्यामुळे ती वरून चांगली दिसली तरी बाद करणे हाच उपाय आहे.

नळी निवडताना काय पाहावे?

नळीवर मानक, वायूचे नाव, आतील व्यास, कमाल दाब आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले असावे. वेल्डिंगच्या रबरी नळ्यांसाठीचे भारतीय मानक आयएस ४४७ आहे. काहीच न छापलेली नळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. असिटिलिन आणि एलपीजी दोन्ही वापरात असतील, तर सर्व इंधनवायूंना चालणारी लाल-नारिंगी नळी घ्यावी. लांबी गरजेपुरतीच ठेवावी. लांब नळीत दाब घटतो. तो भरून काढण्यासाठी रेग्युलेटर वाढवण्याऐवजी जास्त व्यासाची नळी वापरावी. असिटिलिनच्या बाबतीत तर १.५ बारच्या वर जाणे धोक्याचे आहे, कारण त्या दाबाला हा वायू ऑक्सिजनशिवायही स्वतःच विघटन पावून भडकू शकतो.

इंधनवायूच्या जोडणीचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. त्यांच्या नटवर खाचाही असतात. चुकीची नळी लागू नये म्हणूनच ही सोय आहे. त्यामुळे जुगाड करून आटे जुळवू नयेत. नळी तांब्याच्या तुकड्याने जोडणेही टाळावे, कारण तांबे आणि असिटिलिन यांच्यापासून स्फोटक संयुग बनते.

रोजच्या वापरात कोणती काळजी घ्यावी?

जोडावर बाइंडिंग वायर पिळण्याऐवजी योग्य मापाची क्लिप लावावी, कारण तार रबरात रुतते. काम सुरू करण्यापूर्वी टॉर्च बंद ठेवून नळीत दाब भरावा, सिलिंडर बंद करावा आणि पाच मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. ती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी पेटवून कधीच नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी न गुंडाळता तो भाग कापून टाकावा व योग्य जोड वापरावा. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. पेटवण्यापूर्वी दोन्ही नळ्यांतून एकेक करून थोडा वायू मोकळ्या हवेत सोडावा. सुटीआधी सिलिंडर बंद करून नळ्या रिकाम्या कराव्यात. नळी खांद्यावर किंवा सिलिंडरभोवती गुंडाळून काम करू नये.

कायदा काय सांगतो?

सिलिंडरसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत. त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था पाहते. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत विजेवर चालणारा उद्योग ‘कारखाना’ ठरण्यासाठी किमान २० कामगारांची अट आहे. चार माणसांचे वेल्डिंगचे दुकान त्यात बसत नाही. म्हणजे तिथली नळी तपासायला निरीक्षक येण्याची शक्यता कमीच. ती तपासणी मालकाला आणि टॉर्च हातात धरणाऱ्या कारागिरालाच करावी लागते. त्यासाठी लागतात ती पाच मिनिटे आणि साबणाचे पाणी.