घडीचा चाकू आणि कायदा

प्रवासात फळे चिरण्यासाठी घडीचा चाकू पिशवीत ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आता खटका दाबताच उघडणारे चाकू घरबसल्या मागवता येतात आणि तरुण मुले ते कुतूहलाने घेतात. असा चाकू जवळ बाळगणे कायदेशीर आहे काय? याचे उत्तर पात्याचे माप, उघडण्याची रीत, स्थळ आणि त्या वेळी लागू असलेला आदेश यांवर अवलंबून असते.

शस्त्र अधिनियम, 1959 खालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरकाम, शेती, विज्ञान वा उद्योग यांसाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. परंतु दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने खटक्याच्या वा बटणाच्या चाकूंसाठी याहून लहान माप ठरविले: लांबी 7.62 सेंटिमीटर, रुंदी 1.72 सेंटिमीटर. तिचा रोख निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी बाळगणे यांवर आहे. म्हणूनच केवळ चाकू जवळ सापडल्यावरून दाखल झालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मात्र त्यासाठी त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे विसरू नये.

महाराष्ट्रात आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी तलवारी, सुरे, सोटे, लाठ्या बाळगण्यास ठरावीक काळ मनाई करू शकतात. त्या कलमात पात्याचे माप दिलेले नाही. आदेशभंगास कलम 135 अन्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

चाकूचा वापर झाला, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीस एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तीच दुखापत धारदार साधनाने केली, तर कलम 118 प्रमाणे ती तीन वर्षांपर्यंत जाते. रागाच्या भरात खिशाकडे गेलेला हात एखाद्या मुलाचे शिक्षण आणि नोकरी, दोन्ही धोक्यात आणू शकतो.

म्हणून प्रवासात साधा, लहान, फळे चिरण्याचाच चाकू घ्यावा आणि तो खिशात न ठेवता शिदोरीच्या डब्यासोबत ठेवावा. विमानप्रवासात तो हातसामानात नेऊ नये. सण, निवडणूक वा मोर्चाच्या काळात स्थानिक आदेशाची चौकशी करावी. खटक्याच्या चाकूचे घरात काही काम नाही. मुलाने तो मागविला असेल, तर रागावण्यापूर्वी त्याला हा कायदा समजावून सांगावा.