किती किलोमीटर? की किती तास?

माझं मत आधीच सांगून टाकते. दूरच्या गावाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगण्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. जुनी माणसं 'दोन दिवसांची वाट' म्हणायची, तेच बरोबर होतं.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचंच बघा ना. या दोन विमानतळांमधलं जवळात जवळचं अंतर साधारण १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात वाटतं, वाट आडवी जात असणार. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो उभा उत्तरेला चढतो आणि ध्रुवाजवळून पलीकडे उतरतो!

एअर इंडियाने २०१५च्या डिसेंबरात ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६च्या ऑक्टोबरात ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,००० किलोमीटरच्या वर गेलं, आणि वेळ लागला साडेचौदा तास. म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! लांबचा रस्ता लवकर संपला.

कारण साधं आहे. वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, कधी कधी ताशी २०० किलोमीटरहूनही जास्त वेगाने. पूर्वेला जाताना ते पाठीशी असतात, पश्चिमेला जाताना छातीवर. सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. (वर्गात एखादं पोर हमखास विचारायचं, "विमान वर नुसतं थांबलं तर पृथ्वी फिरून अमेरिका खाली येणार नाही का?" नाही रे बाबा, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.)

वाऱ्यासारखंच राजकारणही अंतर बदलतं. २०२२मध्ये रशियाचं आकाश अनेक देशांच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांची वाट लांबली. शहरं होती तिथेच राहिली, तरी एकमेकांपासून लांब गेली.

आता हे घरच्यांसाठी. "आई, फक्त सोळा तास, ये ना!" असं परदेशातली मुलं म्हणतात. ते सोळा तास विमानाचे. कोल्हापूरच्या किंवा लातूरच्या म्हाताऱ्या माणसाचा प्रवास गावच्या स्टँडवर सुरू होतो. मुंबई गाठायची, तीन-चार तास आधी विमानतळावर, मग रांगा, मधलं विमान बदलणं, आणि पोचल्यावर दिवस-रात्र उलटी झालेली. सुजलेले पाय आणि उडालेली झोप तिकिटावर छापलेली नसते. तेव्हा मुलांनो, बोलवा जरूर, पण घरापासून घरापर्यंतचे तास सांगा. आम्ही त्याने घाबरत नाही, तयारीने निघतो.

आणि शिक्षक मित्रांनो, भूगोलाच्या तासाला एक गोल आणि हातभर दोरा एवढं आणाच. 'जग जवळ आलं' हे वाक्य मुलं कुठूनही पाठ करतील. पण कोणासाठी जवळ, कुठल्या वाटेने, कोणाच्या परवानगीने, हे त्यांना त्या दोऱ्याशी बसून विचारता आलं पाहिजे.

तुमच्या माणसांचं गाव किती तासांवर आहे? मोजून बघा एकदा, दारापासून दारापर्यंत.