मध्यस्थाचा मोबदला : खर्डा ते हिंगोली (थ्रेड)

१/ एखादी उदयोन्मुख महासत्ता दोन भांडणाऱ्या राष्ट्रांचा समेट घडवते, तेव्हा तिच्या मुत्सद्देगिरीचे कौतुक होते. मार्च २०२३ मध्ये बीजिंगला सौदी अरेबिया आणि इराण यांचा समेट झाला, तेव्हाही झाले. परंतु मध्यस्थीचे मोल करारावरील स्वाक्षऱ्यांवरून ठरत नाही. मध्यस्थ पुढे काय घेऊन जातो, यावरून ठरते. मराठवाड्याने हा धडा पूर्वीच गिरवला आहे.

२/ भांडण जुने होते : दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी. पेशवे थकबाकी मागत, निजाम टाळत असे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला तलवारी भिडल्या. निजामाची भिस्त इंग्रजांवर होती. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिले आणि निजामाला मानहानिकारक तह करावा लागला.

३/ वेलस्ली येताच ही तटस्थता संपली. १७९८ मध्ये निजामाच्या फ्रेंच पलटणी बरखास्त झाल्या. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने त्याला संरक्षण मिळाले. मात्र इतर सत्तांशी त्याच्या तंट्यांचा निवाडा कंपनीच्या हाती गेला. संरक्षक आणि न्यायाधीश एकच झाले.

४/ पुण्याची पाळी लगेच आली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. परागंदा बाजीरावांनी ३१ डिसेंबरला वसईचा तह केला. तैनाती फौज आणि २६ लाखांचा मुलूख सर्वांना आठवतो. पण निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानण्याचे कलम माझ्या मते अधिक दूरगामी होते.

५/ लवाद मराठी मुलखाला नवा नव्हता. गोतसभेपुढे वादी-प्रतिवादी आधी ‘राजीनामा’ लिहून देत, म्हणजे निवाडा मान्य करण्याची संमती. पंच त्याच गावशिवारात नांदणारे असत. अन्यायाची झळ त्यांनाही लागे. कलकत्त्याच्या पंचाला अशी झळ नव्हती. उलट वाद जितका चिघळेल, तितकी त्याची गरज वाढणार होती.

६/ याची प्रचिती गायकवाड प्रकरणात आली. हिशेबाचा आणि अहमदाबादच्या इजाऱ्याचा वाद मिटवण्यासाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. आता मध्यस्थच फिर्यादी झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेतले. ते ठाण्याच्या कैदेतून निसटले.

७/ परिणाम म्हणजे जून १८१७ चा पुणे तह. पेशव्यांना मराठा मंडळाचे प्रमुखपद सोडावे लागले आणि वार्षिक ४ लाखांच्या बदल्यात गायकवाडांवरील जुने दावेही. खून निंद्यच होता. पण एका खुनाची भरपाई म्हणून राज्याचे अग्रपद घेणे, हा निवाडा म्हणायचा की संधी साधणे?

८/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि चौथाईचा वारसा कंपनीकडे आला. १८२२ च्या तहात कंपनीने निजामाला चौथाईतून कायमचे मुक्त केले. शंभर वर्षांचे भांडण मिटले खरे. पण दोन पक्षांपैकी एक उरलाच नव्हता.

९/ मग निजाम तरी जिंकला का? उत्तरासाठी हिंगोलीला यावे. इथे निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. पगार निजामाचा, अधिकारी इंग्रज. जानेवारी १८१९ मध्ये याच फौजेने हटकर नाईक नोवसाजींची नोव्हा येथील गढी वेढा घालून घेतली. मराठ्यांचे भय संपले, तरी फौज राहिली आणि तिचा खर्चही राहिला.

१०/ पगार थकले, कर्ज साचले. १८५३ मध्ये डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब यांचा कारभार घेतला. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. खर्ड्याला जिंकलेला आणि हरलेला, दोघांनीही मध्यस्थाचा मोबदला मुलुखात चुकवला.

११/ कोणी म्हणेल, आपसांतील फूट आपलीच होती, कंपनीने फक्त लाभ उठवला. हे खरे आहे. बाजीराव आपणहून वसईला गेले. सीमेवरील स्वाऱ्या थांबल्या, हेही रयतेच्या दृष्टीने थोडे नव्हते. म्हणून प्रत्येक मध्यस्थी कपटच असते, असा माझा दावा नाही. दावा इतकाच की हेतूपेक्षा रचना पाहावी.

१२/ रचना पाहायची तर चार प्रश्न पुरेत. मध्यस्थाची फौज कोणाच्या भूमीवर आहे? तिचा खर्च कोण देतो? निवाडा नाकारण्याची मोकळीक दोन्ही पक्षांना आहे का? आणि काम झाल्यावर मध्यस्थ घरी जाणार का? कंपनीच्या बाबतीत चारही उत्तरे तहांच्या कागदांतच होती.

१३/ १९७२ च्या सिमला करारापासून पाकिस्तानशी असलेले वाद द्विपक्षीयच सोडवावेत, ही भारताची भूमिका आहे. उद्या इतरांच्या भांडणात भारत मध्यस्थ झाला, तर आपल्याला अभिमान वाटेल, वाटावाही. पण तेव्हा हेच चार प्रश्न आपण दिल्लीलाही विचारावेत. ज्यांच्या मुलखाने हा मोबदला चुकवला, त्यांना तो अधिकार आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे.